स्टारड्यू आवडला, विचर सुटला, आता काय खेळू?

प्रश्न विचारणाऱ्या ताई इंदूरच्याच. सुदामानगरात राहतात, बँकेत नोकरी करतात. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘डेव्ह’ खेळल्या, त्यानंतर गेमशी संबंधच उरला नव्हता. लॉकडाउनमध्ये भावाने ‘स्टारड्यू व्हॅली’ लावून दिला आणि त्याचं वेड लागलं. मग जो तो ‘विचर ३’ घे म्हणायला लागला. तो काही तासांत सुटला. ‘हॉलो नाइट’ने रडकुंडीला आणलं. ‘पोर्टल’ फार आवडला, पण डोकं गरगरतं. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वेळ मिळतो तो रात्री मुलगा झोपल्यावर, फार तर तासभर, तोही रोज नाही. रविवारी नऊ वर्षांच्या मुलासोबत काही खेळता आलं तर हवंय. आणि शेवटी विचारलंय, “मला नक्की काय आवडतं हेच मला कळत नाही, तुम्हीच सांगा.”

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. या आठवड्यात ‘गोरोगोआ’ घ्या. तो संपला की ‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’. ज्या रात्री बँकेतून दमून आला असाल त्या रात्रीसाठी ‘डॉर्फरोमँटिक’ हाताशी ठेवा. ‘विचर’ काढून टाका आणि त्याची रुखरुख बाळगू नका. आणि ‘स्टारड्यूसारखाच आहे’ म्हणून कुणी दुसरा शेतीचा गेम पुढे केला तर सध्या नको म्हणा.

आता कारणं. मी इथे इंदूरमध्ये बरीच वर्षं गेम आणि कन्सोल विकतो, आणि दुकानात येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “भिया, कोई मस्त गेम बताओ.” त्यावर बहुतेक ठिकाणी विचारतात, अ‍ॅक्शन की रेसिंग की क्रिकेट? या प्रश्नाचं उत्तर फारसं कामाला येत नाही. मी दोन गोष्टी विचारतो. कुठला गेम अर्धवट सोडलात, आणि सोडलात तेव्हा स्क्रीनवर काय चाललं होतं? आणि कुठला गेम कुणी न सांगता दुसऱ्या दिवशी परत उघडलात? आवडलेल्या गेमबद्दल माणूस ढोबळ बोलतो, ‘मस्त आहे, ग्राफिक्स छान आहेत’ वगैरे. सोडलेल्या गेमबद्दल मात्र अगदी नेमकं सांगतो, आणि आवडनिवड तिथेच सापडते. तुम्ही तर न विचारताच ते सगळं लिहिलंय.

‘स्टारड्यू’ घेऊ. एरिक बॅरोन या माणसाने एकट्याने अनेक वर्षं खपून तो केला आणि तो २०१६ मध्ये आला. त्यात शेती आहे, मासेमारी आहे, खाणीतली मारामारी आहे, गावातल्या लोकांशी मैत्री आणि लग्नसुद्धा आहे. इतकं सगळं असलेला गेम आवडतो म्हटल्यावर त्यातलं नेमकं काय आवडतं हे पाहावं लागतं. तुम्ही लिहिलंय की खाणीत तुम्ही नाइलाजाने जायचात, लग्न केलंच नाही, पण स्प्रिंकलर कुठे लावले म्हणजे कमीत कमी जागा वाया जाते याचं गणित तुम्ही कागदावर मांडलं होतंत. दुसरं वाक्य तर मला फार महत्त्वाचं वाटलं: “दिवस संपला की झोपायचं, सेव्ह होतं, लॅपटॉप बंद.” या गेममधला एक दिवस आपल्या घड्याळात सुमारे १४ मिनिटांचा असतो, आणि झोपायला गेल्यावरच तो सेव्ह होतो. म्हणजे तासाभरात चार दिवस होतात आणि प्रत्येक दिवस आपला आपण पूर्ण होतो. तुम्हाला आवडली ती ही घडण: शांतपणे आखणी करायची, हाताच्या चपळाईची परीक्षा फारशी नाही, आणि थोड्या वेळात एक वर्तुळ पुरं होतं. तिथे शेतीच्या जागी आगगाडीचं जाळं असतं किंवा एखाद्या खुनाचा तपास असता तरी तुम्ही रमला असता. म्हणून दुसरा शेतीचा गेम नको म्हणतो. त्यात शेत असेल, पण ही घडण असेलच असं नाही.

‘विचर ३’ हा २०१५ चा गेम, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने केलेला. त्याच्या थोरवीबद्दल माझ्या मनात शंका नाही, लिखाण फारच ताकदीचं आहे. पण नुसती मुख्य गोष्ट संपवायलाच साधारण पन्नास तास लागतात. तुमचे आठवड्याचे तास तीन किंवा चार. म्हणजे तीन-चार महिने. आणि तुम्ही लिहिलंय, “चार दिवसांनी परत बसले की कुठलं बटण कशाला हेच आठवेना, मी कुठे चालले होते तेही आठवेना.” कुठलाही गेम सुचवताना मी हे आधी बघतो: चार दिवस खंड पडला तर धागा परत हाती यायला किती वेळ लागतो? मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. ज्याच्याकडे शनिवार-रविवार मोकळा आहे त्याला त्याचं काही वाटत नाही. ज्याच्याकडे रात्रीचा तासच आहे त्याची बैठक तिथेच संपते. ‘विचर’ सुटला यात तुमची चिकाटी कमी पडली असं बिलकुल नाही. तुमच्या आयुष्याच्या आजच्या वेळापत्रकात तो बसत नाही, इतकंच.

‘हॉलो नाइट’चं दुखणं वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरीचा हा २०१७ चा गेम. यात मेलात की शेवटचं जिथे विसावून सेव्ह केलं त्या बाकावर परत येता, जवळचे सगळे पैसे मेल्या जागी राहतात, आणि ते परत मिळवायला पुन्हा तिथवर जाऊन स्वतःच्याच सावलीशी झुंजावं लागतं. वाटेत पुन्हा मेलात तर तेही गेले. याउलट ‘पोर्टल’मध्येही तुम्ही शंभरदा पडला असाल, पण चुकीची शिक्षा काही सेकंदांची होती. तेवढ्यात उठून पुन्हा प्रयत्न. अवघड गेम तुम्हाला चालतो हे यावरून स्वच्छ दिसतं. तुम्हाला नको आहे ती चुकीची जबर किंमत. दुकानदार ‘अवघड नको’ असं ऐकतो आणि अगदीच पोरकट गेम हातात देतो. दोन दिवसांत कंटाळा येतो आणि माणूस म्हणतो, गेम हा प्रकारच आपल्यासाठी नाही. हे इतक्यांदा घडताना पाहिलंय की यावर मुद्दाम जोर देतोय.

रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गेम-अभ्यासकाने १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले होते: यश मिळवणारे, शोध घेणारे, गप्पा-सोबतीत रमणारे आणि इतरांना हरवण्यात सुख मानणारे. ते अजून सगळीकडे उगाळलं जातं. ती मांडणी त्या काळच्या, अनेकांनी मिळून खेळायच्या, चित्रांऐवजी नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या गेमवरून केलेली होती. एकट्याने रात्री बसून खेळणाऱ्या बाईला त्यातून फारसं काही मिळत नाही, म्हणून तिकडे वळत नाही.

गरगरण्याबद्दल. ‘पोर्टल’ पात्राच्या डोळ्यांतून दिसतो. डोळे सांगतात आपण धावतोय, उडतोय. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण खुर्चीत आहोत. या विसंगतीने मळमळ होते, आणि ती पुष्कळांना होते. सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते) असेल तर थोडा वाढवा, ‘मोशन ब्लर’ आणि ‘कॅमेरा शेक’ बंद करा, खोलीतला दिवा चालू ठेवा, स्क्रीनपासून जरा लांब बसा. तरीही गरगरलं तर जोर लावून खेळत राहू नका, सवय होईल या आशेवर तर मुळीच नाही. यामुळे दोन फार मोठी नावं तुमच्या यादीतून मी सध्या बाजूला ठेवतोय. एक ‘आउटर वाइल्ड्स’, २०१९ चा, ज्यात २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हा माझा स्वतःचा अत्यंत लाडका गेम, पण अंतराळात तरंगत राहणं तुम्हाला झेपणार नाही, तुमच्या लॅपटॉपलाही नाही. दुसरा लुकास पोपचा २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’: ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं हे शोधून नोंदवायचं. तुमच्या बुद्धीला तो फार आवडेल, आणि कुणी ना कुणी तो तुम्हाला सुचवेलच. पण तोही डोळ्यांतून दिसणारा आहे आणि चित्रं बारीक ठिपक्यांची. आधी ‘गोल्डन आयडॉल’ खेळून पाहा, तपासाचं सुख तेच आहे आणि दृश्य जागचं हलत नाही.

तर ‘गोरोगोआ’. जेसन रॉबर्ट्स नावाच्या एका माणसाने सगळी चित्रं हाताने काढून केलेला हा गेम, २०१७ चा. स्क्रीनवर चार चौकटी, दोन वर दोन खाली, आणि प्रत्येकीत एक चित्र. अख्ख्या गेममध्ये एक शब्द नाही. सुरुवातीला एक मुलगा खिडकीतून बाहेर बघतोय. चित्र उचलून शेजारच्या रिकाम्या चौकटीत नेलं की लक्षात येतं, खिडकीची चौकट तेवढी हातात आली आणि बाहेरचं शहर मागे राहिलं. एका चित्राची दोन चित्रं झाली. ती चौकट आता दुसऱ्याच चित्रावर ठेवता येते. वरच्या चौकटीतलं सफरचंद खालच्या चौकटीतल्या वाडग्यात पडतं, कारण तुम्ही ती दोन चित्रं नेमकी वरखाली ठेवलीत. ‘पोर्टल’मध्ये भिंतीतून आरपार जाता येतं हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा जो आनंद झाला होता तो इथे जागोजागी आहे. घाई नाही, मरण नाही, काही पाठ ठेवायचं नाही. चार दिवसांनी उघडलात तरी चार चित्रं समोर असतात आणि लगेच सुरू. दोनेक तासांत संपतो, तुमच्या भाषेत दोन-तीन बैठका. कुठल्याही लॅपटॉपवर चालतो, फोनवरही आहे. अडलात तर उत्तर शोधायला यूट्यूबवर जाऊ नका. लॅपटॉप मिटून झोपा. सकाळी डबा भरताना सुचतं, खरंच सुचतं.

‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’ २०२२ चा, लॅटव्हियातल्या दोन भावांनी केलेला. प्रत्येक प्रकरणात एका मृत्यूचा क्षण गोठलेला समोर असतो. माणसांवर, खिशांवर, पत्रांवर क्लिक करत जायचं, नावं आणि शब्द गोळा करायचे, मग खाली दिलेल्या मजकुरातल्या गाळलेल्या जागा भरायच्या: कुणी, कुणाला, कशाने, कशासाठी. उत्तर जवळपास बरोबर असेल तर गेम एवढंच सांगतो की दोन किंवा त्याहून कमी जागा चुकल्या आहेत. कुठल्या, ते सांगत नाही. त्यामुळे ठोकताळ्याने भरून चालत नाही, विचार करावाच लागतो. बँकेत व्हाउचर ताळ्याला न लागण्याची रुखरुख ज्याला माहीत आहे त्याला हा गेम अर्धवट टाकवणार नाही. इंग्रजी वाचावं लागतं, अठराव्या शतकातली नावं आणि थोडी जुन्या धाटणीची भाषा, पण मजकूर छोटा आहे आणि वाचायला वेळेची मर्यादा नाही. एका बैठकीला एक प्रकरण, असं ठेवा.

‘डॉर्फरोमँटिक’ बर्लिनमधल्या विद्यार्थ्यांच्या हातचा. षटकोनी तुकडे एकेक करून लावायचे, जंगलाला जंगल, नदीला नदी, रुळाला रूळ. तुकडे संपले की डाव संपला. ‘स्टारड्यू’मधली स्प्रिंकलरची आखणी जिला आवडली तिला हा आवडतोच. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, खेळून पाहा.

मन आखणीत जास्त रमतंय असं वाटलं तर पुढे ‘मिनी मेट्रो’ आहे, न्यूझीलंडचा. स्टेशनं उगवत जातात, तुम्ही रेघा ओढून मार्ग जोडायचे, गर्दी तुंबली की खेळ खलास. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. शेवटी शेवटी गडबड होते, पण घड्याळ थांबवून निवांत रेघा बदलता येतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही सुरुवातीपासून तसंच खेळा. ‘इनटू द ब्रीच’ तर बुद्धिबळासारखाच, आठ बाय आठ घरांचा. शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार हे आधीच दिसतं, आणि प्रत्येक लढाईत एकदा आपली चाल मागे घेता येते. चुकीच्या किमतीबद्दल वर बोललो, त्या हिशेबाने हा अगदी न्यायाचा गेम आहे.

‘बलात्रो’ तुम्हाला कुणीतरी दाखवेल, २०२४ चा, पत्त्यांचा. पोकरचे हात लावायचे पण पैसा कुठेच नाही, तेव्हा बंदी आलेल्या पैशांच्या गेमशी त्याचा संबंध नाही. मी सध्या नको म्हणेन. वाईट आहे म्हणून नाही. रात्री साडेअकराला ‘एकच डाव’ म्हणून बसलात तर दीड वाजतो आणि सकाळी तुम्हाला बँकेत जायचंय. दिवाळीच्या सुट्टीत घ्या.

भारतीय काही हवं म्हणून ‘राजी’ सुचवतील. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० चा, देखणा. पण तो मारामारीचा आहे, तुमच्यासाठी नाही. ‘वेन्बा’ मात्र एका संध्याकाळी नक्की खेळा. कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ जोडप्याची गोष्ट आहे. आईच्या फाटक्या पाकवहीतल्या पुसल्या गेलेल्या ओळी ओळखून इडलीपासून एकेक पदार्थ करायचा. कोडं सोपं आहे, दीडेक तासात संपतो, आणि त्या मानाने किंमत जास्त वाटेल. तरी सांगतोय. त्यात मुलगा वाढत जातो तशी घरातली भाषा त्याला नकोशी होत जाते. आपण इंदूरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथले. आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, हे रोजचं आहे. माझ्या घरीही आहे. तो गेम संपल्यावर मी बराच वेळ काही दुसरं उघडलं नाही. तुमच्या आईंना शेजारी बसवून खेळता आलं तर उत्तमच.

रविवारचं. मुलासोबत नवं काही घेण्याआधी ‘स्टारड्यू’च उघडा. त्यात आता एकाच स्क्रीनवर दोघांना खेळता येतं, एका शेतावर. दुसऱ्याला कंट्रोलर लागतो, साधा वायरचा चालेल. खाण त्याला द्या, आखणी तुमच्याकडे ठेवा. नऊ वर्षांच्या पोराला खाणीतच जायचं असतं. ‘ओव्हरकुक्ड’ सगळे सुचवतात, पण घड्याळाच्या काट्यावर ओरडत स्वयंपाक करायचा तो प्रकार तुमच्या स्वभावाचा वाटत नाही.

लॅपटॉपबद्दल एक कामाची गोष्ट. ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्रांचं काम रॅममधूनच चालतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल. १ ऑफ २ असेल तर आणखी ८ जीबीची एक काडी बसवा. दोन काड्या एकत्र चालल्या की नुसती जागा वाढत नाही, रॅमचा वेग वाढतो आणि गेम जाणवण्याइतके सुरळीत होतात. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये समोर बसून लावून घ्या, सोबत लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे हे जमत नाही. वरच्या गेमसाठी हे आवश्यक नाही, पुढच्यांसाठी उपयोगी.

विकत घेताना स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्या, यूपीआय चालतं. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. एखादा गेम लॅपटॉपवर चालतो की नाही हे पाहायला हा नियम वापरा. ‘गोरोगोआ’ मात्र त्या दोन तासांतच संपू शकतो, संपवून परत करू नका, एका माणसाची कित्येक वर्षं आहेत त्यात.

आणि अभिप्राय वाचताना चांगले आधी वाचू नका. ते त्याच लोकांनी लिहिलेले असतात ज्यांना तो प्रकार मुळातच आवडतो, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पसंती पाहून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘विचर’ला ती होतीच की. नापसंतीचे वाचा, त्यातही बरेच तास खेळून नापसंत केलेले. “फार संथ आहे, नुसता विचारच करायचा” अशी तक्रार दिसली तर तो गेम तुमचा. “एकदा मेलो की अर्धा तास वाया” दिसलं तर सोडून द्या. “गोष्ट चांगली पण मध्येच विसरायला होतं” दिसलं तरी सोडून द्या.

दुकानात पोरगा बोलतो आणि आई पैसे देते. आईला काय खेळायला आवडेल हे तिला कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतःसाठी विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून उत्तर लांबलं.

‘गोरोगोआ’ संपल्यावर मला दोन गोष्टी कळवा. अडून बसला होतात ती वेळ आवडली की चीड आली? आणि ‘डॉर्फरोमँटिक’ तुम्ही दमलेल्या रात्रीच उघडलात की ताज्या डोक्यानेही? अडण्यात मजा आली असेल तर पुढचा ‘चँट्स ऑफ सेनार’ घ्या, अनोळखी लिप्या संदर्भावरून उलगडत वर चढत जायचा, किंवा ‘बाबा इज यू’, ज्यात नियमांचेच ठोकळे ढकलून नियम बदलायचे. चीड आली असेल तर कोडी बाजूला ठेवू आणि ‘मिनी मेट्रो’कडे जाऊ.